गाडी कुणी लावली होती

रेडकार, ८ जून, रविवार

प्रिय जॅनीन,

हे पत्र तुझ्या हातात पडेल की नाही मला माहीत नाही. घर सोडलेल्या बायकांना आसरा देणाऱ्या त्या संस्थेत मी फोन केला होता. फोनवरची बाई म्हणाली, जॅनीन नावाचं कुणी आमच्याकडे आहे असं मी म्हणत नाही आणि नाही असंही म्हणत नाही, पण तुम्ही पत्र पाठवलंत तर ते पेटीत पडेल. मला ती बाई फार आवडली. तिच्यासारखं बोलायला शिकायला मला दोन-अडीच महिने लागले, आणि तेच सांगायला बसलेय.

माझं अक्षर तुला माहीत आहे. शाळेत मी शेवटचा निबंध लिहिला तेव्हा बाईंनी खाली मार्कांऐवजी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं. तेव्हा सांभाळून घे. समुद्राच्या कठड्यापाशी बाकावर बसलेय, मार्नी बाबागाडीत झोपली आहे, वारा कागद उडवतोय म्हणून कोपऱ्यावर तिची दुधाची बाटली ठेवली आहे. घरी लिहिता येत नाही. डेल आता रोजच येतो. तू एफीला घेऊन गेल्यापासून माझ्या या भावाला स्वतःच्या घरी करमत नाही म्हणे. आई त्याच्यासाठी दोन-दोनदा चहा टाकते आणि माझा डेल किती वाळलाय म्हणते. तो काही वाळलेला नाही. शुक्रवारी सगळ्यांना पार्मो, ते चीजवालं तळलेलं चिकन, आणतो आणि अर्धा स्वतःच खातो.

मार्नीला आता दोन दात आलेत. एफीने तिला दिलेला तो लाकडी ससा ती चावून चावून भिजवते. एफीला सांग, ससा खूश आहे. रांगायला लागली आहे, म्हणजे पुढे जायचं असतं तिला पण जाते मागे, आणि कोचाखाली अडकली की माझ्याकडेच रागाने बघते.

आता गाडीचं सांगते. त्या मंगळवारी, चार मार्चला, तू मायक्रा मागायला आलीस आणि दातांच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणालीस. मी किल्ली दिली. दात दुखत असतो तेव्हा माणूस एवढे नीट केस विंचरत नाही, हे मला कळलं होतं, पण मी विचारलं नाही. आपल्या घरात न विचारण्याची सवय सगळ्यांनाच आहे. मी मार्नीला घेऊन वजन करायला दवाखान्यात गेले. तू चार वाजता किल्ली परत आणून दिलीस, हात गार होते तुझे, आणि मार्नीच्या डोक्यावरून हात फिरवून गेलीस. पुढच्या मंगळवारी तू आणि एफी नव्हतात.

आणि बावीस तारखेला, शनिवारी, ते पत्र आलं. खिडकीवालं पाकीट, माझ्या नावावर. मला वाटलं पुन्हा भत्त्यावाल्यांचं काहीतरी. मागे एका चौकोनात चुकीची खूण केली म्हणून त्यांनी मला आठ महिने छळलं होतं, तुला आठवत असेल, तेव्हापासून खिडकीवालं पाकीट मी फोडायच्या आधी उजेडाला धरून बघते. पण हे पार्किंगचं निघालं. सरकारचं नाही, पोलिसांचं नाही, एका कंपनीचं. आत गाडीचा फोटो, आत शिरतानाचा आणि बाहेर पडतानाचा, वेळेसकट. दोन तासांची परवानगी होती, गाडी दोन तास सत्तेचाळीस मिनिटं होती. आणि फोटोच्या खाली गावाचं नाव. ते मी इथेही लिहीत नाही.

जॅनीन, ते नाव वाचलं आणि मला सगळं कळलं. तू कुठे बघून आलीस, कुणाला भेटलीस, जास्तीची सत्तेचाळीस मिनिटं कुठल्या रांगेत बसली असशील. आणि हेही कळलं की डेल तुला अख्ख्या देशात शोधतोय आणि उत्तर माझ्या हातात आहे, वर रंगीत फोटोसकट. मी ते पत्र डायपरच्या पाकिटात तळाशी घातलं. डेल सगळं करेल, डायपरला हात लावणार नाही.

दंडाचे पैसे भरून टाकायचे आणि मिटवायचं, हे पहिलं मनात आलं. माझ्याकडे तेव्हा अकरा पौंड होते. आईकडे मागितले तर आई कशाला म्हणून विचारणार, आणि आईला सांगितलं की संध्याकाळपर्यंत डेलला सांगितल्यासारखंच. मी चालवत होते असं लिहावं का, हेही मनात आलं. पण मला गाडी येत नाही हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. आजीने गाडी माझ्या नावावर ठेवली ती मी शिकेन म्हणून, आणि मी लेखी परीक्षेतच तीनदा आपटले. त्यातून त्या दिवशी त्याच वेळी मी दवाखान्यात होते, मार्नीच्या वजनाच्या लाल पुस्तकात नर्सच्या सहीने लिहिलंय. म्हणजे एक तर खोटं लिहून लायसन्सशिवाय गाडी चालवल्याचा गुन्हा अंगावर घ्यायचा, नाहीतर खरं लिहून तुला दाखवून द्यायचं. तीन दिवस मला झोप नव्हती. मार्नी रडली की मीही रडायचे, आई म्हणायची पोरीला दात येतायत, मी म्हणायचे हो.

लायब्ररीत मंगळवारी-गुरुवारी एक म्हातारा बसतो, कॉम्प्युटरच्या टेबलापाशी, ज्यांना फॉर्म भरता येत नाहीत त्यांच्यासाठी. विल्फ त्याचं नाव. आपल्या शाळेत शिपाई होता म्हणाला, मला त्याने ओळखलं, मुतारीच्या मागे सिगारेट ओढणारी म्हणून. स्वतःकडे गाडी नाही, सायकलवर येतो आणि आत आला तरी हेल्मेट काढत नाही. पण पार्किंगच्या कंपन्यांशी भांडणं हा त्याचा छंद आहे. लोक कबुतरं पाळतात, तो हे करतो. लोकांची नऊ प्रकरणं त्याने मिटवली होती, माझं दहावं.

मी त्याच्यासमोर पत्र ठेवलं आणि म्हटलं, त्याचं असं झालं की त्या दिवशी गाडी माझ्या… तेवढ्यात त्याने हात वर केला.

"थांब पोरी. पुढचं नाव माझ्या कानावर घालू नकोस. मी म्हातारा आहे, बडबड्या आहे, आणि बुधवारी माझा पत्त्यांचा अड्डा असतो."

मग त्याने पत्र वाचलं. गावाचं नाव आलं तिथे त्याने अंगठा ठेवला आणि शेवटपर्यंत उचलला नाही. माझ्याकडे बघितलं, मार्नीकडे बघितलं, आणि त्याला काय कळायचं ते कळलं असावं. त्याने मला विचारलं, तू या गाडीची कोण? मी म्हटलं मालकीण. तो म्हणाला, चूक. तुझ्याकडे गाडीचा जो कागद आहे त्यावर मालक असा शब्दच नाही, घरी जाऊन बघ. त्यावर राखणदार लिहिलंय. तू राखणदार आहेस. गाडी कुणाची, गाडी कोण चालवतं, हे वेगळे प्रश्न. मी घरी जाऊन बघितलं, खरंच तसं आहे. चार वर्षं तो कागद ड्रॉवरमध्ये आहे, मी वाचलाच नव्हता.

त्याने मला सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. पार्किंगचं भांडण हे कंपनीचं आणि चालवणाऱ्याचं. राखणदाराकडे त्यांना मागता येतं, पण त्याला नियम आहेत, आणि फोटोवर काम चालवणाऱ्यांना नियम असा की गाडी उभी राहिल्यापासून चौदा दिवसांच्या आत पत्र राखणदाराकडे पोचलं पाहिजे. आपलं अठराव्या दिवशी आलं होतं. वरची तारीखच एकोणीस मार्चची होती. कुणीतरी त्यांच्या ऑफिसात चहा पीत बसलं असेल, देव त्याचं भलं करो. मग आता त्यांच्याकडे एकच वाट उरते, चालवणाऱ्याचं नाव काढून घ्यायची. पोलिसांनी विचारलं तर राखणदाराला सांगावं लागतं. पण ही माणसं पोलीस नाहीत. त्यांनी कितीही विचारलं तरी सांगायला कायद्याने तू बांधलेली नाहीस, म्हणाला. मी त्याला हे तीनदा परत म्हणायला लावलं. सांगायलाच हवं असं नाही. मला आजपर्यंत कुणी असं सांगितलंच नव्हतं. माझ्या आयुष्यात कागदावर प्रश्न आला की मी उत्तर देत आलेय.

पत्र मी लिहायचं, तो नुसतं बघणार, असं ठरलं. मी बसून पानभर लिहिलं. चांगलं लिहिलं होतं गं. दया येईल असं. एका लहान मुलीची आई, तिला फार अडचण होती, सरकारी ऑफिसात रांग मोठी होती, तिचा नंबर यायला उशीर झाला. विल्फने वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पेन्सिलने पाच ठिकाणी गोल केले. तिला. तिचा. आई. रांग. ऑफिस.

"पोरी, तू तर तिचा पत्ताच लिहायचा बाकी ठेवलास."

मी कागद परत माझ्याकडे ओढला. दया यावी म्हणून मी जे जे लिहिलं होतं त्यातूनच तू चालत बाहेर आली होतीस. तो म्हणाला, सगळे हेच करतात. सगळ्यांना आपली गोष्ट सांगायची असते, आजारी पोर, बंद मशीन, लांब रांग. कंपनीला गोष्ट नको असते, कंपनीला गोष्टीतलं माणूस हवं असतं. आपल्या पत्रात माणूसच नाही. गाडी आली, गाडी थांबली, गाडी गेली. चालक म्हणायचं, नुसतं चालक, मागेपुढे काही नाही. आणि मी हा शब्द शेवटच्या सहीच्या आधी एकदाच, मी या गाडीची राखणदार आहे, बस. मी चार वेळा लिहिलं. दर वेळी एखादी तिची, एखादी आम्ही शिरायचीच. चौथ्या वेळी सहा ओळी उरल्या. सहा ओळींचं पत्र लिहायला अख्खी दुपार गेली, मार्नीने दोन डायपर खराब केले, आणि लायब्ररीतल्या बाईंनी खिडकी उघडली.

ते पाठवलं. कंपनीचं ते पहिलं, फोटोवालं पत्र विल्फच्या पिशवीत राहिलं, घरात नको म्हणून.

एप्रिलच्या मध्यावर, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, कंपनीचं उत्तर आलं. नशीब असं की दारातून पाकीट पडलं तेव्हा डेल बूट काढत होता. मी मार्नीला भरवत होते. उठेपर्यंत त्याने फोडलंही होतं. कुणाच्या नावाचं आहे ते त्याने बघितलं नाही असं नाही, बघितलं आणि फोडलं. त्यात फोटो नव्हता, गावाचं नाव नव्हतं, त्यांचा जागेचा काहीतरी आकडा तेवढा होता. मी मनात म्हटलं, वाचलो. पण तारीख होती. चार मार्च. आणि खाली गोडगोड लिहिलं होतं, आम्हाला तुमची अडचण समजते, आपण चालकाचं नाव आणि पत्ता कळवलात तर हे प्रकरण आपल्यापुरतं मिटेल. आणि भरायला चौकोन.

डेलने ते दोनदा वाचलं. त्याला हिशोब करायला फार वेळ लागला नाही. मी चालवत नाही, आई त्या दिवशी कामावर, तो साइटवर. तो हसला, जॅनीन. तुला ते हसू माहीत आहे. माझ्याशी एवढं गोड तो वर्षात बोलला नव्हता. काय गं ब्रोग, एवढं टेन्शन घेऊन बसलीस आणि भावाला सांगितलं नाहीस? मार्नीला त्याने उचलून घेतलं. म्हणाला, सोपं आहे, चालवणारीचं नाव टाक. पत्ता माहीत नसला तर नसू दे. या लोकांकडे शोधून काढणारी माणसं असतात, कोर्टात जायचं तर त्यांना पत्ता लागतोच. त्यांना शोधू दे. तू सुटलीस, आणि तिलाही कळेल की पळून गेलं म्हणून काही सुटत नाही. आई ओट्यापाशी उभी होती. ती म्हणाली, बरोबर आहे की, जिने लावली तिने भरावं.

मी म्हटलं, मला माहीत नाही कोण होतं. हे खोटं होतं. मी एवढंच खोटं बोलले या सगळ्यात, आणि ते माझ्या भावाशी बोलले, कंपनीशी नाही.

मग त्याने स्वतःच कंपनीला फोन लावला, स्पीकरवर, जेवणाच्या टेबलावर. अर्धा तास ते होल्डवरचं गाणं वाजत राहिलं. मार्नी त्याच्या मांडीवर होती आणि मला ती परत मागायची हिंमत होत नव्हती, तो नुसता तिच्या पायाच्या बोटांशी खेळत होता, काहीच करत नव्हता, तरी मला होत नव्हती. शेवटी एक मुलगी आली फोनवर, माझ्याच वयाची असेल, सर्दी झालेली. डेल म्हणाला मी तिचा भाऊ बोलतोय, ती गाडी त्या दिवशी कुठे होती तेवढं सांगा, बाकी मी बघतो. ती म्हणाली, माफ करा, आम्ही फक्त नोंदलेल्या राखणदाराशीच बोलतो. तो म्हणाला, ती इथेच आहे, देतो. आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला. हळूच म्हणाला, म्हण, भावाला सगळी माहिती द्या. एवढंच म्हण.

मुलीने विचारलं, या गाडीच्या राखणदार आपणच का?

आई भांडं पुसत होती, तेच एक भांडं. मी मार्नीकडे बघत होते.

"हो, मीच," मी म्हटलं. "आणि माझ्या भावाला काही सांगायचं नाही. जे असेल ते मला लेखी पाठवा."

मुलगी म्हणाली, ठीक आहे, तशी नोंद करते. आणि काय झालं असेल तिला, फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, तुम्ही ठीक आहात ना? मी हो म्हटलं. ज्यांच्याशी भांडतेय त्यांच्याकडून हा प्रश्न आला, घरातून नाही.

डेलने आरडाओरडा केला नाही. मार्नीला माझ्याकडे दिलं, कप नेऊन धुतला, उलटा घातला, हात पुसले. तू हे बघितलंयस, तो शांतपणे कप धुतो ते. मग जाताना दारात म्हणाला, तू माझी बहीण आहेस ना? मी उत्तर दिलं नाही. सांगायलाच हवं असं नाही.

तो गेल्यावर आई मला म्हणाली, तुला काय मिळतं गं यातून, तो तुझा भाऊ आहे, ती कोण तुझी? मी वर गेले, खोलीचं दार लावलं, दाराला बाबागाडी लावली. एप्रिलपासून मी तशीच झोपते. भीती गेली असं मी म्हणत नाही. मला त्याच्या गाडीचा आवाज कोपऱ्यावरून ओळखू येतो. पण आधी मी घाबरले की हो म्हणायचे, आता घाबरते आणि गप्प राहते. त्या दोन्हीत फार फरक आहे, हे विल्फला सांगितलं तर तो म्हणाला बिस्किट घे.

कंपनीने नाही म्हटलं की वर एक तिसरीकडची माणसं असतात, कंपनीची नाहीत, त्यांच्याकडे दाद मागता येते. विल्फने मला तिथेही सहाच ओळी लिहायला लावल्या. पत्र कधीचं, गाडी कधीची, मधले दिवस किती, मी राखणदार आहे, चालकाचं नाव देणार नाही, सही. या वेळी मी एका दमात लिहिलं. त्याने पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली, गोल करायला काही सापडलं नाही. शाळेत पास होऊनही मी कधी एवढी खूश झाले नव्हते, तेवढी त्या दिवशी झाले.

या गुरुवारी निकाल आला. कंपनीने माघार घेतली. तीन ओळी आहेत, कारण दिलेलं नाही, माफी तर नाहीच. मी लायब्ररीत जाऊन विल्फला दाखवला, त्याने नुसती मान हलवली आणि वहीत दहा लिहिलं. मग पिशवीतून ते पहिलं पत्र काढलं, फोटोवालं, आणि लायब्ररीच्या कागद कापायच्या मशीनमध्ये मलाच घालायला दिलं. तुझ्या गावाच्या नावाच्या बारीक पट्ट्या झाल्या. आता ते नाव आमच्या घरात कुठल्याच कागदावर नाही. तुझ्या नावाने काही येणार नाही, कुणी तुला शोधणार नाही, तू कुणाचं काही देणं लागत नाहीस. आणि तू फार सरळ आहेस म्हणून सांगते, त्यांना पैसेबिसे पाठवू नकोस, मी चालवत होते असं कुठे कळवू नकोस. पुरलेलं मढं उकरू नकोस.

हे एवढंच सांगायचं असतं तर मी फोनवरच्या त्या बाईकडे दोन ओळींचा निरोप ठेवला असता.

मागच्या वर्षीच्या आधीचा नाताळ. तुझा हात दारात सापडला असं सगळे म्हणाले. दवाखान्यातून कुणीतरी कळवलं आणि पोलिसातली ती बाई घरी आली होती, प्रत्येकाला वेगळं विचारत होती. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी वर होते, मला काही दिसलं नाही. मी वर नव्हते. मी जिन्यात होते, धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन, चौथ्या पायरीवर, आणि स्वयंपाकघराचं दार मला पूर्ण दिसत होतं. दार आपोआप लागलं नाही. त्याने एकदा लावलं, तू हात काढायच्या आत परत लावलं. तू वर बघितलंस तेव्हा मी दिसले तुला. तू पोलिसांना माझं नाव सांगितलं नाहीस. आणि आठ महिन्यांपूर्वी मार्नी झाली, मला टाक्यांमुळे वाकता येत नव्हतं, तेव्हा तू त्याच हाताने माझे केस धुतलेस, करंगळी सरळ होत नाही त्या हाताने. आपण दोघी हवापाण्याबद्दल बोललो.

काल डेलने एक टाइप केलेला कागद आणला. एफीला भेटायची परवानगी मिळावी म्हणून त्याने कोर्टात अर्ज केलाय, एकोणीस जूनला तारीख आहे, तुला कळवलंच असेल. त्या कागदात माझ्या नावाने लिहिलंय की मी त्याच घरात वावरते, त्याने बायकोवर हात उगारलेला मी कधी पाहिला नाही, तो फार प्रेमळ बाप आहे. खाली सहीची जागा, आणि शेजारी त्याने पेनही ठेवून दिलं. सोमवारी घेऊन जाईन म्हणाला. आई म्हणाली, एका सहीने काय होतं. मी सही केलेली नाही. कागद तसाच टेबलावर आहे. मी माझा वेगळा कागद लिहिलाय, आज सकाळी, याच बाकावर. त्यात सगळं आहे. तारीख, टोपली, चौथी पायरी, दोनदा लावलेलं दार, मी कुठे उभी होते, मी काय पाहिलं, आणि पोलिसांना मी खोटं सांगितलं होतं हेसुद्धा. यात मी हा शब्द पानभर आहे, मुद्दाम. विल्फला दाखवला नाही. या पत्रासोबत याच पाकिटात घातलाय. तो तुझ्या वकीलबाईंना दे, आणि सांग की कोर्टात उभं राहून बोलायला लागलं तरी मी येते. त्या दिवशी मी आई आणि डेलबरोबर नाही, एकटी येईन, मार्नीला घेऊन. मला तिथे बघून तू दचकू नयेस, मी त्याच्या बाजूने आलेय असं तुला क्षणभरही वाटू नये, म्हणून हे एवढं लांबलचक पत्र. आज संध्याकाळी मी आणि मार्नी कौन्सिलने दिलेल्या खोलीत जातोय, घरी अजून कुणाला माहीत नाही, दोन पिशव्या विल्फने आधीच सायकलवरून पोचवल्यात. त्या खोलीचा पत्ता आणि माझा नवा नंबर मी त्या कागदावर खाली लिहिलाय. वकीलबाईंना कधीही फोन करू दे, कितीही प्रश्न विचारू दे. सगळ्यांची उत्तरं देईन.

त्याची बहीण असले तरी तुझीच,
ब्रोगन